कुटुरग्याने हिरवं फळ घेतलं

सर, तुम्हाला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मला तुमचं जंगल सोडून तेवीस. म्हणजे अगदी वेळेवर कळलं म्हणायचं. काकूंनी सांगितलं, तेही मुद्दाम नाही, चहा गाळता गाळता. नारायण पेठेतलं तुमचं तेच स्वयंपाकघर, तोच ओटा, खिडकीत तीच तुळस की तिची नात, देव जाणे. काकू म्हणाल्या, "नातवाचं मर्चंट नेव्हीचं मेडिकलमध्ये अडकलं गं. रंगच दिसत नाहीत म्हणे त्याला नीट. आजोबांवर गेलाय." मी विचारलं, "जावयांच्या वडलांवर का?" तर त्या चक्क हसल्या. "अगं, त्यांच्यावर कसा जाईल, ह्यांच्यावर! ह्यांना कुठे लाल-हिरवं कळायचं?" आणि मग गाळणं हातात तसंच धरून थांबल्या. "मेले मी. शपथ घातली होती मला."

मी चहा पूर्ण प्यायले. दोन बिस्किटंही खाल्ली. मनात काय चाललं होतं ते काकूंना दाखवायचं नव्हतं, त्यांचा काय दोष. पण जिना उतरताना कठडा धरावा लागला मला, आणि तो धक्का नव्हता सर, संताप होता. फळांच्या रंगावर उभं आयुष्य काढलेला माणूस. पक्षी जंगलात फळ कसं निवडतो या विषयावर ज्यांचा शब्द शेवटचा, ते तुम्ही. "पक्ष्याची निवड डोळ्यांत असते," हे तुमचं वाक्य आम्ही विद्यार्थी कॅन्टीनमध्ये तुमच्या आवाजात म्हणून दाखवायचो. आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्यांत काय होतं ते तुम्ही आणि काकू सोडून कोणालाही माहीत नव्हतं. झाकली मूठ. माझी मात्र तुम्ही सगळ्यांसमोर उघडलीत, आणि तिच्यात काही नाही असं दाखवून दिलंत.

त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले ती मातीची फळं करायला. रंगीत माती मळायची, बोराएवढ्या गोळ्या करायच्या, तारेत ओवायच्या आणि जंगलात फांद्यांना बांधून यायचं. पक्षी येतो, चोच मारतो, मातीवर खूण राहते. कुठल्या रंगावर किती खुणा, ते मोजायचं. काकू पोळपाटावर माती मळायच्या, वर म्हणायच्या, "ह्यांच्या पाखरांच्या पोळ्या करतेय." गोळ्या झाल्या की त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरायच्या, आणि झाकणावर काकूंच्या ठळक अक्षरात चिकटवलेलं असायचं : लाल, हिरवा, काळा. मला किती कौतुक वाटायचं त्या नीटनेटकेपणाचं! आमच्याकडे विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत मिठाच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात बाबांचे स्क्रू. घरी जाऊन आईला सांगायचे, शिकलेल्या लोकांचं घर असं असतं बघ.

एकदा मी ते डबे घासले, उन्हात वाळवले आणि झाकणं लावताना अदलाबदल केली. हिरव्याचं लालवर, लालचं हिरव्यावर. आत काय आहे ते दिसतंच की, झाकणाचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. दुसऱ्या दिवशी मला ताप होता म्हणून तुम्ही एकटेच स्वारगेटहून एसटीने गेलात, आणि हिरवी म्हणून लाल आणि लाल म्हणून हिरवी फळं बांधून, वहीत तशीच नोंद करून आलात. आठवड्याने गोळ्या परत आल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हसत हसत सांगितलं, "सर, उलटंच झालंय की सगळं." तुम्ही हातातला डबा ओट्यावर असा आदळलात की तुळस हलली. "झाकण लावता येत नाही तुला? एवढं साधं काम? डोकं घरी ठेवून येतेस का?" काकू मध्ये पडल्या, "अहो, पोर आहे, चुकलं." तुम्ही त्यांच्याकडेही असं पाहिलंत की त्या गप्प झाल्या. मी रडले. आणि बसमध्ये बसल्यावर मनात आलं, पण सरांनी डबा उघडला तेव्हा त्यांना दिसलं नाही? मग स्वतःच स्वतःला उत्तर दिलं : मोठे शास्त्रज्ञ असेच असतात, विसरभोळे. मैत्रिणींना हा किस्सा सांगून हसवलंसुद्धा. मूर्ख मी! गोष्ट समोर वाढून ठेवली होती, आणि मी तिची गंमत केली.

घाटमाथ्यावरचं ते उंबराचं झाड आठवतंय ना? देवराईच्या कडेचं, ओढ्यावर कललेलं. दोन उन्हाळे मी त्या झाडासमोर बसले. पहाटे उजाडताना जायचं, दगडावर गोणपाट टाकायचं, दुर्बीण डोळ्याला, वही मांडीवर. कोण आलं, कुठल्या फांदीवर बसलं, कुठलं फळ घेतलं, गिळलं की टाकलं. बुलबुल, हरियल, कोकिळा, आणि दिवसातून एकदा, नशीब असेल तर, पंखांचा आवाज करत धनेश. पण झाडाचा खरा मालक कुटुरगा. हिरव्या अंगाचा, जाड चोचीचा, "कुटुर्र कुटुर्र" करत दिवसभर जंगल डोक्यावर घेणारा. पुस्तकात आणि तुमच्या व्याख्यानात लिहिलेलं होतं की पक्षी लाल फळ घेणार, हिरवं कच्चं म्हणून सोडणार. आणि तो पठ्ठ्या माझ्यासमोर लाल उंबर शेजारी असताना हिरवट फळाला चोच लावायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आधी मला वाटलं मीच चुकतेय. मग दुर्बीण पुसली, जागा बदलली, ऊन बदलायची वाट पाहिली. तरी तेच. मी वहीत लिहिलं : कुटुरग्याने हिरवं फळ घेतलं. लाल शेजारी होतं.

हळूहळू मला कळायला लागलं. लाल रंग लांबून बोलावतो, ते खरंच. पण झाडावर आल्यावर पक्षी रंगावर जात नाही. तो आधी बसायला बरी फांदी बघतो, जिथून ससाणा आला तर उडता येईल. मग त्या जागेवरून मान लांब करून जे पोहोचतं ते चोचीत धरून दाबतो. मऊ लागलं तर खातो, टणक लागलं तर सोडतो. पिकून लाल झालेल्या बऱ्याच उंबरांत किडे झालेले असतात, ती तो चाखून टाकून देतो. धनेशाचा घसा मोठा, तो अख्खं गिळतो. बुलबुलाला तेच फळ टोचून टोचून खावं लागतं. म्हणजे रंग ही नुसती दुकानावरची पाटी, सर. पाटी वाचून गिऱ्हाईक आत येतं, पण मंडईतली कुठली बाई पाटी बघून माल घेते? दाबून बघते, वास घेते, मग पिशवीत टाकते. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंडई आणि जंगल यांत फरक असतो." आणि खात्री करायला स्वतः आलात.

ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही माझ्या दगडावर बसला आहात, मी मागे उभी आहे. कुटुरगा येतो, मधल्या फांदीवर बसतो, दोन फळं दाबून सोडतो, तिसरं तोडतो. तुम्ही दुर्बिणीतून नजर न काढता म्हणता, "बघ. लाल घेतलं." मी बघते. हिरवं आहे. देठाजवळ जरा पिवळट, बाकी हिरवं. मी म्हणते, "सर, हिरवं आहे." तुम्ही दुर्बीण तशीच डोळ्याला लावून ठेवता. मला वाटतं, तुम्ही विचार करताय. मग दुर्बीण खाली करून चष्मा पुसत म्हणता, "तुझे डोळे उन्हाने दिपलेत. तपासून घे." आणि मी, गाढव, खरोखरच तपासून घेतले! बाबांना अर्धी रजा टाकायला लावून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, काहीही झालेलं नाही, जा घरी.

त्यानंतरचा विभागातला तो सेमिनार. मी माझी दोन उन्हाळ्यांची निरीक्षणं मांडली. तुम्ही शेवटी उठलात. विभागात तुमचा आवाज कधी चढायचा नाही, तीच तर तुमची ख्याती. म्हणालात, "फळं खायची सवय घरात असावी लागते. मग पिकलेलं कुठलं आणि कच्चं कुठलं, हे वेगळं शिकवावं लागत नाही." पुढच्या रांगेतले हसले. मागच्या रांगेतल्यांनी पुढच्यांना विचारलं आणि मग तेही हसले. माझं आडनाव सगळ्यांना माहीत होतं, विश्रांतवाडी माहीत होती, माझी आई रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जाते हे माहीत होतं. तुम्ही जात काढली असती तर निदान भांडता आलं असतं. तुम्ही फळं काढलीत. त्यावर काय भांडणार? आमच्याकडे फळं येतात हो, असं म्हणणार?

येत होती, सर. फार नाही, पण येत होती. बाबा कारखान्यातून सुटल्यावर सायकलला पिशवी अडकवून पेरू आणायचे, आणि मडक्यातल्या तांदळात कुठला दडपायचा आणि कुठला आज कापायचा, हे आमची आई डोळे मिटून सांगायची. पिकलेलं मला तिने शिकवलं. तुम्हाला कोणी शिकवलं होतं? काकूंनी. चाळीस वर्षं तुमच्या ताटातलं फळसुद्धा त्यांनी निवडून दिलं.

मी पीएच.डी. सोडून दिली. बी.एड. केलं, ज्युनिअर कॉलेजात लागले, आता अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. लग्न झालं, मुलगी झाली, सगळं रीतसर. तुमचं काही बिघडलं नाही आणि माझंही कोणाला दिसण्यासारखं काही बिघडलं नाही. पण तेवीस वर्षं मी एक गोष्ट खरी मानली : माझ्या डोळ्यांत काहीतरी कमी आहे. साडी घेताना दुकानदाराला विचारते, हा मोरपंखीच ना? टोमॅटो घेताना हात थबकतो. मुलगी चिडवते, "आई, तू ना, रंग कन्फर्म करायला आधार कार्ड मागशील." हसते मी. तिला काय सांगू? डोळे तुमचे अधू, आणि चष्मा तुम्ही मला लावलात.

इथवर असतं तरी मी एक वेळ गिळलं असतं. माणूस भितो, लपवतो. रंगच दिसत नाहीत म्हटल्यावर तुमच्या खुर्चीचं काय झालं असतं, हे मला कळतं. त्या सकाळी तुम्हाला खरंच ते फळ लाल वाटलं असेल, तुमच्या डोक्यात ते लालच असायला हवं होतं, असंही मी मान्य करायला तयार होते. पण काकू एकदा बोलायला लागल्या की थांबतात का? त्यांचा बांध फुटला होता. म्हणाल्या, "तू सोडून गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मला घेऊन गेले होते ना तिकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, सुचलं बाई फिरायला न्यायचं. त्या ओढ्याजवळच्या झाडाखाली बसवलं आणि दुर्बीण दिली हातात. म्हणाले, तो पक्षी कुठल्या रंगाचं फळ खातोय? मी म्हटलं, हिरवं. म्हणाले, नीट बघ. म्हटलं, अहो हिरवंच आहे, बाजूला लाल लोंबतंय ते सोडून हिरवं खातोय मेला. दिवसभर तेच. बघ, सांग. बघ, सांग. स्वारगेटला उतरल्यावर नुसतं म्हणाले, मुलीचं बरोबर होतं."

मुलीचं बरोबर होतं. ऐकलंत? हे तुम्ही म्हणालात. स्वारगेटला, रिक्षावाल्यांच्या गोंगाटात, काकूंना. मला नाही. त्यानंतर आठ वर्षं जगलात. आठ वर्षं व्याख्यानं दिलीत, शाली घेतल्यात, आणि प्रत्येक व्याख्यानात तेच वाक्य, पक्ष्याची निवड डोळ्यांत असते. सेमिनारला हसलेले सगळे पुण्यातच होते. एका कागदावर एक ओळ लिहायची, सूचना फलकावर टाचणीने लावायची. तेवढंही नको, विभागातल्या कोणाला चहा पिताना सांगायचं, अरे, ती मुलगी म्हणत होती ते खरं निघालं. तुमच्या जिभेला हाड होतं की काय? मला टोचताना तर नव्हतं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा तर सुंभही जळाला नाही. मला माझी पदवी नको आहे आता. मला ती सकाळ परत हवी आहे, जिच्यात मी "हिरवं आहे" म्हणाले आणि ते खरं होतं.

काल आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीलगतच्या उंबरावर कुटुरगा आला होता. मी प्रॅक्टिकलच्या मुलींना बाहेर काढलं आणि म्हटलं, अर्धा तास बघा आणि दिसेल ते लिहा. एक मुलगी वही घेऊन आली. "मॅम, तो ग्रीनवाला खातोय. बुकमध्ये तर उलटं दिलंय. मी काय लिहू?" माझ्या तोंडून निघणारच होतं, नीट बघ. सर, जिभेच्या टोकावर होतं, तुमच्याच आवाजात. मी म्हटलं, "दिसतंय ते लिही." ती गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ठरवलं की घरी जाऊन तुम्हाला लिहायचं, सगळं, एकही शब्द न गाळता.

पण गाळलाय. वर एक गोष्ट मी लिहिलेली नाही, आणि आता ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तुम्ही आला होतात. काकूंना झाडाखाली नेलंत त्याच उन्हाळ्यात, हे मी परवा मनाशी जुळवलं. विश्रांतवाडीला, आमच्या घरी, बस बदलून, पत्ता विचारत विचारत. हातात संत्र्यांची पिशवी. मी आतल्या खोलीत पलंगावर बी.एड.चे पाठ काढत बसले होते आणि पडद्याआडून तुमचा आवाज ओळखला. आई आत आली. मी तिला खुणेने सांगितलं, मी नाहीये. आईला खोटं बोलता येत नाही, तिने कसंबसं सांगितलं, "भाईर गेलीय." तुम्ही म्हणालात, बसतो. बसलात. चहा घेतलात. मग तुम्ही विचारलंत, "तिच्या वह्या आहेत का घरात? उंबराच्या?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं सगळं घेतलं, आता वह्या न्यायला आलेत! आई पुन्हा आत आली. मी तिच्या कानात सांगितलं आणि तिने ते बाहेर जाऊन जसंच्या तसं म्हटलं : "त्या रद्दीत घातल्या तिनं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बाहेरच्या दाराचा.

पिशवी उघडली तर निम्म्याहून जास्त संत्री हिरवीगार. मी आईला म्हटलं, "बघ. कच्ची फळं आणून दिलीत. आपल्याला कुठे कळतंय." फेकून दे म्हटलं. आईने नाही फेकली. एक सोलून खाल्लं आणि म्हणाली, "सालीवर जाऊ नगं, गोड हाय." मी हात लावला नाही. ती संत्री तुम्ही एकट्याने घेतली असणार, काकूंना न विचारता, हे मला परवा जिन्यात कठडा धरला तेव्हा कळलं.

तुम्ही माफी मागायला आला होतात की वह्या न्यायला, हे मला कधीच कळणार नाही. पडद्यापलीकडे आईला ते एक वाक्य तुम्ही सांगू शकत होतात, आणि नाही सांगितलंत. त्याचा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण परवा काकूंनी निघताना विचारलं, "तुझ्याकडे जाऊन येतो म्हणाले होते एकदा. भेटले होते का गं?" आणि मी बूट घालत म्हटलं, "नाही, काकू."

वह्या रद्दीत गेल्या नव्हत्या, सर. मी बसले होते त्याच पलंगाखाली होत्या.